तुमच्या नावाची स्पर्धा

अण्णा,

गावानं यंदा तुमच्या नावानं व्हॉलीबॉलची स्पर्धा भरवली. शाळेमागच्या मैदानावर तुमचा फोटो लावला, हार घातला. वालूरची टीम आली, देवगाव फाट्याची आली. आणि मला निरोप आला की मी काठपदराची साडी नेसून यावं आणि कप्तानांना ओवाळावं. निरोप घेऊन आला तुमचा पुतण्या. स्पर्धेचं सगळं तोच बघत होता. आमच्या टीमचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, बायांसाठी संगीत खुर्ची ठेवलीय की.

आमची टीम म्हणजे मी, अंगणवाडीच्या दोघी ताई आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरी. आम्ही उजाडता उजाडता खेळतो, कारण संध्याकाळचं मैदान पुरुषांचं. मध्यंतरी ते जाताना नेट सोडून घरी न्यायला लागले, तेव्हा आम्ही खांबांना दोरी बांधून खेळलो. हे ऐकून लोक हसतात. मला अजून हसू आलेलं नाही.

पण माझा खरा राग पुतण्यावर नाही अण्णा, तुमच्यावर आहे. गोठ्याच्या भिंतीवर बॉल मारायला लावून मला सर्व्हिस शिकवली ती तुम्हीच. मी आठवीत होते. एका संध्याकाळी तुमच्याकडं एक गडी कमी होता म्हणून तुम्ही मला आत घेतलं. मी सर्व्हिस मारतेय, पलीकडं तुमचा पुतण्या उभा आहे आणि त्याला एकही बॉल उचलता येत नाही. पोरं त्याला हसायला लागतात. तुम्ही खेळ थांबवता, माझ्या हातातला बॉल काढून घेता. घरी आई भाकरी थापत होती. माझ्याकडं न बघता तुम्ही तिला सांगितलं, "उद्यापासून हिला मैदानावर पाठवायचं न्हाई. पोरगी मोठी झाली."

आई म्हणाली, "कालपस्तोर ल्हान होती का?"

हात धुवून जेवायला बसलात. मी वाईट खेळले असते तर तुम्ही मला अजून काही वर्षं खेळू दिलं असतं, हे मला फार उशिरा कळलं. आणि कळल्यापासून ते मनातून जात नाही.

स्पर्धेच्या दिवशी मी ट्रॅक पँट घालून गेले. पुतण्यानं आरतीचं ताट माझ्या हातात दिलं. मी ते तुमच्या फोटोपुढं ठेवलं आणि टीमला घेऊन सरळ मैदानात जाऊन उभी राहिले. तो माइकवरूनच म्हणाला, "आक्का, कुणाला लागलं तर जिम्मेदारी कुणाची?" मी म्हणाले, आमची. शेवटी वालूरचा कप्तान उठला आणि म्हणाला, खेळूत की एक गेम, उशीर व्हायलाय.

सुरुवातीला ते लेकरांना खेळवावं तसं हळूच बॉल टाकत होते. लोक टाळ्या वाजवत होते. आमच्यातली सगळ्यात लहान पोरगी नेटजवळ गेली आणि त्यांना म्हणाली, "असं खेळायचं असंल तर खेळूच नका." मग ते खरं खेळले. आम्ही हरलो, चांगलंच हरलो. पण माझ्या सर्व्हिसवर त्यांच्या स्मॅश मारणाऱ्या शूटरचाही हात चुकला, आणि तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पुढं ग्रामसभेत भांडून आम्ही शनिवार-रविवारची संध्याकाळ मिळवली. नेटही आता खांबालाच राहतं. पुढच्या वर्षी बायांचे सामने ठेवणार का विचारलं, तर पुतण्या म्हणतो, बघू. या 'बघू'शी मला अजून भांडायचं आहे.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. गेम संपल्यावर तुमच्याबरोबर खेळणारे एक म्हातारे बांधावरून म्हणाले, पोरगी बापावर गेली. तुमच्यावरचा राग तसाच होता, अण्णा. तरी ते ऐकून मला लय बरं वाटलं.