‘सरका थोडं’चा सातवा भाग

मु. पळसटोला, ता. कुरखेडा
५ नोव्हेंबर २०२३

ती. गुणाबाईस लहानूचा साष्टांग नमस्कार.

बाई, तू फोन लावतेस, मी उचलतो, अन् तुले नुसता लोहाराच्या भात्यासारखा आवाज येते. तू तिकडून विचारत राहतेस, मी इकडं मान हालवत राहतो. घशाचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं, तरी फोनवर मान हालवायची सवय जात नाई. म्हणून हे पत्र. अक्षराले नावं ठेवू नको, शाळेतही तुझ्या या भावाचं असंच होतं.

धान कापणीले आलं आहे. तब्येत ठीक. डॉक्टरनं घशाले जे भोक ठेवलं त्यातून श्वास घेतो, त्यावर पातळ रुमाल बांधतो. तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला. एवढा घसा कापल्यावर सुटला त्यात माझं काय मोठेपण!

आता मुद्द्याचं. परवा वडश्याहून विनोद आलता. आपल्या ‘सरका थोडं’ सिनेमाचा सातवा भाग काढतो म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडं पाहतच राह्यलो. बाई, पहिला भाग आठवते ना तुले? लग्नाची शूटिंग करायचा त्याचा कॅमेरा, उधारीची एक काळीपिवळी जीप, भाऊजी ड्रायव्हर अन् मी कंडक्टर. वऱ्हाड कोंबता कोंबता नवरदेवच खाली राहून जाते, बस, एवढीच गोष्ट. पण दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत त्याच्या सीड्या चण्याफुटाण्यासारख्या खपल्या. दुसऱ्या भागात टपावर बकऱ्या होत्या, तोही चालला. तिसऱ्यात विनोदनं जीपमधी भूत बसवलं. चौथ्यात जीप गोव्याले नेली, म्हणजे इटियाडोह धरणाच्या काठावर एक रंगीत छत्री गाडली. तो भाग अर्धा झाला अन् भाऊजी गेले. खरं म्हणजे गाडी तिथंच थांबायले पाह्यजे होती. पण पाचव्यात त्यानं भाऊजीची टोपी दुसऱ्याच माणसाले घालून जुळा भाऊ आणला. सहावा भाग लागला तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. पुढची माणसं मोबाईल पाहत होती.

आता कंडक्टरचा आवाज जाते अशी गोष्ट आहे म्हणे. मी वहीवर लिहून दिलं, विचार करून सांगतो. पण नाईच म्हणणार आहे. चांगल्या गोष्टीचं आपल्या हातानं किती वाटोळं करावं?

लोभ असू दे, नसला तरी चिडून का होईना दोन ओळी लिही.

तुझा
लहानू

◆

अहेरी
१६ नोव्हेंबर २०२३

चि. लहानूस गुणाबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचायले शेजारच्या दीपालीचा चष्मा मागावा लागला. तू फुसफुस केलं तरी मी फोन लावीन. तिकडं कोणी उचलते, एवढं कळलं तरी पुरे.

इथं सगळे मजेत. आदेश अन् सूनबाई सकाळी हापिसात जातात, सांजेले येतात. दिवसभर मी अन् कूलर. कूलरही थंडीत बंद असते.

विनोदचं म्हणशील तर त्याले मी ओळखते. त्याच्या लग्नात त्यानं स्वतःचीच शूटिंग केली होती. तिसऱ्या भागापासून त्याची गाडी घाटात उतरली हे तुले आता समजलं? मी तर भूत आलं तेव्हाच तुझ्या भाऊजीले म्हटलं होतं, की आता पुढं पहावणार नाई. ते म्हणाले होते, की भूतही आपलंच प्रवासी, त्याले खाली कसं उतरवू.

असं सगळं आहे, तरी लहानू, लगेच नाई म्हणू नको.

तुले वाटेल बाईले म्हातारपणी काय झालं. सांगते. पाचवा भाग भिकार होता. पण त्यात तुझे भाऊजी एकदा स्वप्नात येतात. कुठला तरी जुना उरलेला तुकडा विनोदनं तिथं चिकटवला होता. सहाव्यातही अर्धा मिनिट आले, पूल ओलांडताना खिडकीतून हात बाहेर काढून पाणी किती आहे ते पाहतात. ते तुकडे मी आधी कधी पाह्यले नोहते. पहिले तीन भाग मले पाठ आहेत. ते कुठं हसतील, कुठं गियर टाकतील, सगळं आधीच माहीत असते. पण नव्या भागात ते असं काही करतात जे मले ठाऊक नसते. नव्या भागात ते नवे असतात. म्हणून मी प्रत्येक भागाले जाते, तिकीट काढून, पुढच्या खुर्चीवर. तुम्ही सगळे समजत होते बाईले सिनेमाचा शौक आहे.

हे कोणाले सांगायचं नाई. आदेशलेही नाई.

दोन वेळा जेवत जा. माया आहे म्हणूनच बोलते.

तुझी
गुणाबाई

◆

मु. पळसटोला
२१ डिसेंबर २०२३

ती. बाईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी वडश्याची एसटी धरली. विनोदले लिहून दिलं, काम करतो, पण भाऊजीचा एक तुकडा पाह्यजे. तो खाली मान घालून बसला. म्हणाला, की होते तेवढे सगळे वापरून झाले, म्हणून तर या भागात त्याईले घेतलं नाई. मी ऐकलं नाई. त्याच्या घरी जुन्या कॅसेटींची पेटी आहे, ती उघडायले लावली. अर्ध्या कॅसेटींले बुरशी. उरलेल्या आम्ही दोघं पाहत बसलो. जास्त करून लोकांची लग्नं निघाली. एका लग्नात विनोदची आई दिसली, तर तो उठून बाहेर गेला अन् खूप वेळानं आला. तो इतका बारीक झाला आहे बाई, की मले त्याच्यावर रागावता येत नाई.

शेवटी एक सापडला. पहिल्या भागाच्या वेळचा आहे. विनोद बॅटरी आणायले गेला असन, कॅमेरा चालूच राह्यला. भाऊजी करंजीच्या झाडाखाली बसले आहेत. फुटाणे खातात, रस्त्याकडं पाहतात. कान खाजवतात. दुसरं काही करत नाई. एक मिनिटभर असन.

विनोद म्हणाला, की यात हसण्यासारखं काय आहे, पब्लिक खुर्च्या फेकेल. मी त्याच्यासमोरून हाललो नाई. मंग त्यानं एक अट घातली. मी मान्य केली. अट काय ती तुले सांगण्यासारखी नाई, विचारू नको. शूटिंगही काल झाली. जीप ट्रॅक्टरनं ओढून आणली होती.

खरं सांगू? त्या गर्दीत मले बरं वाटलं. कोणी चहा आणून देत होतं, कोणी टोपी सरळ करत होतं. घरी आलो तर कुलूपही थंड लागलं.

फेब्रुवारीत अहेरीच्या बाजाराच्या मैदानात पडदा लागेल म्हणते. जाशील ना? स्वेटर घालून जा. नमस्कार, अन् लोभाचं तर मी मागायची गरजच नाई.

तुझा
लहानू

◆

अहेरी
२१ फेब्रुवारी २०२४

लहानूस,

आज आशीर्वाद वगैरे नंतर. आधी शिव्या खा.

काल गेली होती. सोबत दीपाली होती. मंडपात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. सिनेमा जसा असायचा तसाच होता, सारखं मागून टुईंग टुईंग वाजवलं होतं. मंग तू आलास. तू गळ्याचा रुमाल सोडलास अन् कंडक्टरची शिट्टी त्या भोकाशी धरून वाजवलीस. पुढं पोरं बसली होती, ती हसली. मंग त्याईले दिसलं की भोक खरं आहे. त्याईचं हसू तिथंच थांबलं. एक बाई लेकराले पदराखाली घेऊन उठून गेली. मले कोणी सांगायची गरज पडली नाई, विनोदची अट हीच होती. माझ्या एका मिनिटासाठी तू आपला गळा उघडा करून चार गावांपुढं उभा राह्यलास. अरे, आईनं लहानपणी तुले सर्दी झाली तरी कोणाले दिसू दिली नाई! पुन्हा असं केलंस तर बहीण नाई समज.

मंग ते आले.

करंजीखाली बसलेले. लोकाईले वाटलं सिनेमा अडकला. मागून कोणी ओरडलं, पुढं घ्या म्हणून. खुर्च्या सरकू लागल्या, माणसं उठू लागली, मैदानात मोटारसायकली चालू झाल्या. जसजसा मंडप रिकामा होत गेला तसतसे ते मले जास्त दिसू लागले. शेवटी आमच्या दोघाईच्या मधात कोणीच नोहतं. फुटाण्याचं एक टरफल त्याईच्या मिशीले चिकटलं होतं. मी बसल्या जागेवरूनच म्हटलं, मिशी पुसा. नेहमी असंच म्हणायची. अन् ते नेहमी लगेच पुसायचे, उलट्या हातानं.

त्याईनं पुसली नाई. रस्त्याकडं पाहत राह्यले, अन् जीप आली, गाणं लागलं.

लहानू, नऊ वर्षं झाली. दहावा केला, तेरावा केला, सगळं केलं. पण ते गेले हे मले काल त्या खुर्चीवर कळलं. दीपाली मले हाताले धरून घरी घेऊन आली. सूनबाईनं विचारलं, काय झालं, तर मी पहिल्यांदा तिच्यापुढं रडली. ती हापिसची साडी न बदलता माझ्याजवळ बसून राह्यली. मले वाटत होतं तिले माझ्यासाठी वेळ नाई. मीच कधी काही सांगितलं नोहतं.

आता आठवा भाग नको. विनोदले माझ्या नावानं सांग. अन् त्याले शिव्या देऊ नको, तो मिनिट त्यानं पूर्ण ठेवला, कापला नाई.

तू इकडं ये. एकटा काऊन राहतेस तिथं? आता घे आशीर्वाद, पोटभर घे.

तुझी
गुणाबाई

◆

मु. पळसटोला
२ एप्रिल २०२४

ती. बाईस साष्टांग नमस्कार.

शिव्या मिळाल्या. पुन्हा पुन्हा वाचल्या.

विनोद होळीनंतर आलता. सातवा भाग पडला, हे त्यानं सांगायच्या आधी त्याच्या चपलांवरून कळलं, धूळ झटकायचंही भान नोहतं. तरी आठव्याची गोष्ट घेऊन आला होता. मी वहीवर लिहिलं, बाई नाई म्हणते, मी पण नाई म्हणतो. त्यानं वाचलं. मंग म्हणाला, की तिसऱ्यापासून त्यालेही हसू येत नोहतं, पण सिनेमा बंद केला तर आपल्याकडं कोण येईल, याची भीती वाटायची. मी भात टाकला. दोघं जेवलो. जीप भंगारात दिली त्यानं. पुन्हा लग्नाची शूटिंग घेऊन राह्यला आहे.

मी अहेरीले येतो, पण मोहाचा हंगाम झाल्यावर. या वर्षी पहिल्यांदाच टोल्यावरच्या लोकांसंग मोहफूल वेचायले जातो. शेजारची सुकरीबाई स्वतः बोलवायले आली होती. वाघाची भीती असते, म्हणून पहाटे सगळे मिळून जातात अन् वेचता वेचता एकमेकाले हाका मारत राहतात. हाक आली की हाक द्यायची, म्हणजे माणूस ठीक आहे.

पहिल्या दिवशी मी वेचत वेचत नाल्यापलीकडं गेलो. माझं लक्ष नोहतं. इकडं सुकरीबाईनं हाक मारली, मी कुठून देणार? तिनं पुन्हा मारली. मंग तिच्या बाजूले वेचणारा पोचू ओरडला, मंग सगळेच टोपल्या टाकून धावले. लहानूभाऊ, लहानूभाऊ, असं सारं जंगल ओरडून राह्यलं होतं. बाया रडक्या आवाजात ओरडत होत्या. माझ्या हातात टिनाचा डब्बा होता अन् बाजूले गोटा होता. एकदा वाजवला असता तर त्याईले कळलं असतं.

बाई, मी लगेच वाजवला नाई. जरा वेळ ऐकत उभा राह्यलो.

तुझा
लहानू