कासवाच्या पाठीवरचं कुंकू

८ जानेवारी २०२५, बुधवार

आज कासवाचे फोटो काढले! तलवाड्यात बारा वर्षं स्टुडिओ चालवतेय — नवऱ्या, बारशी, पासपोर्ट, पुढाऱ्यांचे वाढदिवससुद्धा. पण असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच.

माळावर अंगदचं जखमी प्राण्यांचं केंद्र आहे, तिथं आणलंय. गोदावरीतलं, मऊ पाठीचं, परातीएवढं. वाळू उपसायच्या यंत्रात सापडून पाठ चिरली. डॉक्टरबाई पुण्याच्या; दर आठवड्याला फोटो बघून औषध सांगणार. म्हणून मी! 'एकाच जागेवरून, सारख्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून. जखम जशी आहे तशी दिसली पाहिजे,' असं फोनवर बजावलं.

सवयीने म्हणून गेले — 'जरा हसा!' अंगद हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

१५ जानेवारी

मादी आहे म्हणे. आणि नखरा काय! मान हातभर लांब काढून कॅमेऱ्यावरच आली. लेन्सच्या झाकणाचा तुकडा गेला.

अंगदची आई भामाबाई माळकरी, पण मासे भरवायचं काम नेमकं त्यांच्याकडे. हाताला कॅरीबॅग बांधतात, तोंड फिरवतात आणि मासळी पुढे करतात. म्हटलं, मावशी, चालतं का तुम्हाला? 'माझी माळ माझ्या गळ्यात. तिच्या पोटाला तिचंच दिलं पायजे की!'

२३ जानेवारी

गोंधळ! कालचे फोटो गेले आणि सकाळी सातलाच डॉक्टरबाईंचा फोन. ताजं रक्त दिसतंय म्हणे, काय झालं? फोटो मोठा करून बघते तर — कुंकू!

तशीच माळावर गेले. भामाबाईंना जराही पश्चात्ताप नाही. 'म्हादेवाच्या पुढं दगडाचं कासव आसतं, त्याला हळदकुंकू वाहतोत का न्हाई आपण? हितं तर जित्तं हाय! आन् जखमेला न्हाई लावलं बाई, कडंला लावलंय.' अंगदने आईपुढे हात जोडले.

खरं सांगायचं तर फोटो काढताना मलाही दिसलं होतं. पण आपल्या डोळ्यांना कुंकू खटकतं कुठं!

२९ जानेवारी

भामाबाई कुणाचं ऐकतील तर शपथ. आज पुन्हा टिकलीएवढं कुंकू. पुसायला गेले तर कासवबाईंनी मान फिरवून फुस्स केलं. म्हटलं, राहू दे, कॉम्प्युटरवर पुसू. उगाच डॉक्टरबाई घाबरायला नकोत. दोन लग्नांचे अल्बम तुंबलेत, त्यांच्यातच हेही उरकून पाठवलं.

३० जानेवारी

डॉक्टरबाई खूश! जखम छान भरली, औषध बंद करा, रविवारी नदीत सोडा. अंगद पेढे घेऊन स्टुडिओत हजर. मी दोन खाल्ले.

३१ जानेवारी, शुक्रवार

दुपारी सहज मूळ फोटो उघडला. कुंकू पुसता पुसता मी जखमेची कडसुद्धा पुसलीय! पिवळा, ओला भाग होता तिथं, तो गायब. नवरीच्या गालासारखी गुळगुळीत पाठ करून ठेवली. मुद्दाम नाही — देवाशपथ. पडद्यावर डाग दिसला की हात आपोआप जातो.

रविवारी ती नदीत जाणार होती. पिकलेली पाठ घेऊन! मेलीच असती, आणि मी पेढे खाल्ले.

तासभर फोनकडे बघत बसले. मी कसली फोटोग्राफर म्हणतील. शेवटी लावला. सगळं सांगितलं. डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या — 'मूळ फोटो पाठवा. आत्ताच्या आत्ता.' तासाभराने त्यांचा निरोप आला: आत पू आहे, इंजेक्शनं चालू ठेवा, सोडायचं रद्द.

मग अंगदला सांगितलं. तो म्हणाला, 'अंजनाताई, पेढे वापस द्या.' मी हसले, आणि मग रडलेच.

१ फेब्रुवारी

कॉम्प्युटर लावलाच नाही.

५ फेब्रुवारी

भामाबाईंशी तह झाला. त्यांनी कुंकू टाकीच्या काठाला लावायचं, मी फोटोतलं काही पुसायचं नाही. 'तुजी बी चूक, माजी बी चूक. फिटंफाट!' म्हणाल्या आणि चहा टाकला. आज कड जशी आहे तशी पाठवली — पिवळी, ओली, घाण. डॉक्टरबाई म्हणाल्या, शाब्बास.

९ मार्च, रविवार

सोडली! वनखात्याची माणसं, अंगद, भामाबाई, मी. जखम खरोखरच भरली. पाठीवर पांढरा वण तेवढा राहिला. परातीएवढी बया पाण्यात उतरली आणि मागे वळूनही पाहिलं नाही. भामाबाईंनी डोळे पुसले. 'कृतघ्न हाय बघ,' म्हणाल्या, आणि लगेच, 'पर लई गुणाची होती.' मी दोनशे फोटो काढले. सोडायच्या आधी अंगदने माझाही एक काढला, तिला दोन्ही हातांत धरलेला.

११ मार्च

अंगदला तो फोटो केंद्राच्या भिंतीवर लावायचाय. आज पडद्यावर उघडला. मी आणि ती. माझ्या उजव्या गालापासून मानेपर्यंतचं कोड लख्ख दिसतंय. एकोणिसाव्या वर्षापासून आहे. घरातल्या एकाही फोटोत नाही. सगळीकडून मीच पुसलंय, लग्नाच्या अल्बममधूनही.

तसाच छापला. मोठ्या आकारात.