तेल न लागणारी बंदूक

इशपेमिंग, ५ नोव्हेंबर

प्रिय रॉडनी,

इसांच्या बंदुकीची जुनी झिलई आता परत येणार नाही. आज सकाळी वेन हकालानं मला तसं स्पष्ट सांगितलं. आपल्या भागातल्या निम्म्या बंदुका त्याच्या हातून दुरुस्त होऊन गेल्यात, तेव्हा त्याच्या शब्दावर तूही शंका घेणार नाहीस. त्यानं ती दिव्याखाली धरून उलटसुलट केली, गोळी आत सरकवायचा बोल्ट मागेपुढे ओढून पाहिला आणि म्हणाला, "हा रंगाचा लेप खरवडून काढता येईल गं, पण खाली काय सापडणार? लावायच्या आधी तुझ्या भावानं वाळूचा फवारा मारून लोखंड उघडं केलंय. तसंच करायचं असतं, नाहीतर लेप धरत नाही. काम वाईट नाही. बोल्टवर मात्र हात जड पडलाय, तो मी घासून देतो." आणि मग माझ्याकडे न बघता, "तुमच्या वडिलांना, अर्व्होला, त्यानं सांगितलं का?" मी म्हटलं, इसांना त्यानं अजून काही सांगितलेलं नाही. त्यावर त्यानं बंदूक फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली, आणि ते मला जास्त झोंबलं.

तू फोन उचलत नाहीस. निरोप ठेवला की उत्तरात अंगठ्याचं चित्र पाठवतोस. पन्नाशी उलटलेल्या माणसानं मोठ्या बहिणीला अंगठा दाखवायचा, ही काय रीत झाली? म्हणून हे पत्र. रविवारी चर्चमध्ये कॉफीच्या वेळी मी ते शारच्या हातात देणार आहे, आणि तुझी बायको ते तुझ्या ताटाशेजारी ठेवेल याची मला खात्री आहे, कारण ओव्हनच्या प्रकरणापासून ती माझ्या बाजूला आहे.

ओव्हनचं तिनंच मला सांगितलं. जूनपासून तू गॅरेजमध्ये बसून व्हिडिओ बघत होतास म्हणे. हवेत वाळणारा लेप घ्यावा की भट्टीत भाजायचा, यावर जेवताना भाषणं चालायची. हवेत वाळणारा सोपा, पण पक्का व्हायला दिवस लागतात आणि तोवर धक्का चालत नाही. भाजलेला टणक, त्यावर ओरखडाही उठत नाही. झालं, साहेबांनी भाजायचा ठरवला. बोल्ट, चापाची कडी, स्क्रू, सगळं तारांना टांगून शारच्या ओव्हनमध्ये! ज्या ओव्हनमध्ये ती चर्चसाठी मांस, सलगम, बटाटा भरलेल्या पेस्ट्या भाजते, त्यात. "मार्लिस, माझ्या सलगम-बटाट्याला रंगाच्या दुकानाचा वास येत होता," असं ती म्हणाली तेव्हा मी हसले, पण ती हसत नव्हती. पुढच्या पेस्ट्या तिनं माझ्याकडे येऊन भाजल्या. नंतर नळी ओव्हनमध्ये मावेना, म्हणून तू बंद पडलेल्या शाळेतलं कपड्यांचं लोखंडी कपाट उचलून आणलंस आणि त्याला तळातून गरम व्हायच्या कांड्या बसवून उभी भट्टी केलीस. हे ऐकून मला क्षणभर तुझं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू? डोकं आहे तुला. पण ते डोकं दुसऱ्याच्या वस्तूवर चालवायच्या आधी तोंड उघडून विचारावं, एवढं त्यात का आलं नाही?

आणि रंग! हिरवट राखाडी, झुडपात मिसळून जाणारा. रॉडनी, आपण सगळे भडक नारिंगी कोट आणि नारिंगी टोप्या घालून जंगलात बसतो. कायदाच आहे तसा. हरणाला दिसू नये म्हणून बंदूक तेवढी झुडपाच्या रंगाची, आणि तिच्यामागे बसलेला माणूस भोपळ्यासारखा! लेनीला हे सांगितलं तर हसून हसून त्याला खुर्चीत बसवेना. "रॉडला म्हणावं, हरणाच्या डोळ्यांना आता बंदूक दिसणार नाही, फक्त रॉड दिसेल," म्हणाला. आपल्या चुलतभावाला तू ओळखतोस, हा विनोद तो पुढची वीस वर्षं पुरवेल.

मला माहीत आहे तुझी बाजू काय आहे. गेल्या नोव्हेंबरात शिकारीच्या कॅम्पवर इसांच्या बंदुकीवर दुर्बिणीच्या पट्टीखाली गंज निघाला. तू तो मला गुपचूप दाखवलास आणि म्हणालास, "इसांना आता दिसत नाही, त्यांच्या हातून राहून गेलं." ते खरं होतं. लाकडी झोपडी, एका भिंतीपलीकडे सौनाची वाफ, ओले कोट चुलीवर वाळत टाकलेले. तिथं तव्यालाही गंज चढतो, बंदुकीचं काय घेऊन बसलास. तेव्हा तुझा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण तू गंजाचा विचार केलास, माणसाचा केला नाहीस.

आठवतं ना, आई गेली त्यानंतरच्या हंगामात इसांनी स्वतःहून सांगितलं, "मी आता गोळी झाडणार नाही. डोळ्यांच्या मधोमध डाग आहे, कडेचं तेवढं दिसतं. कडेनं बघून कोणी हरीण मारत नाही, शेजाऱ्याला मारतो." मग त्यांनीच खुर्ची चुलीजवळ ओढली आणि म्हणाले, "आणा इकडे, सगळ्यांच्या आणा." त्या दिवसापासून सौनातून बाहेर पडलं की ज्यानं त्यानं आपली बंदूक रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून त्यांच्या हातात द्यायची, आणि ते तेलाचं कापड घेऊन बसायचे. लेनीची, तुझी, माझी, सगळ्यांत शेवटी स्वतःची. कोणाची कुठली ते बोटांनी ओळखायचे आणि प्रत्येकाला एक टोमणा ठेवलेला. "लेनी, तुझ्या दस्त्यावर जॅम आहे. हरणाला ब्रेडला लावून देतोस का?" खाणीत एवढी वर्षं काढलेला माणूस. काम नसलं की आजारी पडतो. कॅम्पवर त्यांना उरलेलं हे एवढंच काम होतं. आणि तू आम्हाला कौतुकानं सांगत आलास की आता हिला तेल लावावं लागणार नाही, फडकं मारलं की झालं! एवढंच नाही, लेनीला आणि मला विचारलंस, "तुमच्याही देता का? कपाटात तीन नळ्या एकदम टांगता येतात." लेनी तयार झाला होता. मी त्याला बाजूला घेऊन चांगलं फैलावर घेतलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं. माझी बंदूक माझ्याकडेच राहील, आणि तिला तेल लागत राहील.

पण रॉडनी, लेपावर मी रागावले असते, दोन दिवस बोलले नसते आणि विसरले असते. राग त्याच्यावर नाही. राग त्या रविवारावर आहे.

तू बंदूक घोंगडीत गुंडाळून आणलीस आणि इसांच्या मांडीवर ठेवलीस. मी कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन दारात उभी होते, म्हणून सगळं पाहिलं. त्यांनी घोंगडी सोडली. हात नळीवरून फिरवला, दस्त्यावरून फिरवला. ट्रकमधून पडून दस्त्याला जी खाच पडली होती, ती जागा अंगठ्यानं शोधली. तीही तू भरून टाकली होतीस. मग बोल्ट एकदा ओढला, परत लावला. आणि मान तुझ्याकडे करून म्हणाले, "छान आहे की. कोणाची?"

तुझा चेहरा कसा पडला ते मी पाहिलं, त्यांना ते दिसणं शक्य नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. "तुमचीच आहे इसा, मी नवी करून आणली." त्याऐवजी तू काय म्हणालास? "माझी. नवीन घेतली." आणि ते म्हणाले, "मग माझी कुठंय? हंगाम आला, तेल लावायला हवं," तर तू एका दमात, "मार्लिसच्या तळघरात, कुलपाच्या कपाटात आहे." आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केलेस, सांभाळून घे म्हणून! लहानपणी बर्फाच्या गोळ्यानं मास्तरांच्या घराची काच फोडलीस तेव्हाही असेच डोळे करून माझ्याकडे बघितलं होतंस. तेव्हा तू सात वर्षांचा होतास. निघताना ओसरीवर बंदूक माझ्या हातात कोंबलीस, "ठेव तुझ्याकडे, बघतो मी काय करायचं ते," आणि ट्रक सुरू केलास. त्यानंतर तुझा पत्ता नाही. कामावर जादा पाळ्या आहेत म्हणे. तुझ्या गिरणीत ऑक्टोबरात जादा पाळ्या कधीपासून लागायला लागल्या?

इकडे मी काय भोगते आहे ते ऐक. इसा माझ्या घरात राहतात, तुझ्या नाही. रोज सकाळी ओटमील संपलं की ते खिशातून कापड काढतात. "मार्लिस, बंदूक आण गं वर." मी सांगितलं, कपाटाची किल्ली सापडत नाहीये. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातले सगळे खण बोटांनी चाचपले. मग सांगितलं, कुलूपवाला येणार आहे. मग सांगितलं, तो आजारी आहे. तो ठणठणीत असताना मी त्या बिचाऱ्याला अंथरुणाला खिळवलं, आणि परवा तो आमच्याच रस्त्यावर बर्फ लोटताना मोठमोठ्यानं गात होता. इसांनी ऐकलं. "बरा झालेला दिसतोय," एवढंच म्हणाले. मी आजवर वडिलांशी खोटं बोलले नव्हते रे. साठीला आल्यावर तू मला ते शिकवलंस, आणि तुझ्या खोट्याला मी माझं खोटं जोडत बसले. त्यांना काय वाटत असेल? मुलीनं बंदूक विकली? हरवली? आंधळ्या माणसाला फसवणं सोपं, म्हणून फसवते आहे? तळघराच्या जिन्याशी कठडा धरून उभे राहतात आणि मी आले की बाजूला होतात. ते बाजूला होणं मला सहन होत नाही. आणि तू खुशाल तुझ्या गॅरेजमध्ये!

आता हे पत्र का लिहिते आहे ते सांगते. काल दुपारी मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकायचं ठरवलं. तोंड उघडलं तोच ते म्हणाले, "मार्लिस, किल्ली शोधू नकोस. रॉडीनं रंगवलेली ती माझीच आहे." मी गारच झाले. म्हणाले, "वर कुठलाही रंग लाव. बोल्ट मागे ओढताना अर्ध्यावर ती जरा अडते आणि मग सुटते. ती माझ्या बापाच्या हातात असल्यापासून तशीच अडते. तेवढंही मला कळणार नाही?" मी विचारलं, मग तेव्हा कोणाची म्हणून का विचारलंत? त्यावर ते जे म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहिते. "पोरानं घोंगडीत गुंडाळून आणली होती. श्वास रोखून उभा होता, मला ऐकू येत होतं. त्याला सांगायची मजा घेऊ द्यावी म्हणून विचारलं." कळलं, रॉडनी? ते तुझ्या खेळात सामील झाले होते. आणि किल्लीचे माझे सगळे बहाणे माहीत असून त्यांनी ऐकून घेतले, कारण तुझं खोटं माझ्या तोंडून उघडं पडू नये. मी म्हटलं, मी आत्ता त्याला फोन करते. तर म्हणाले, "काही सांगायचं नाही. त्याचं त्याला बोलू दे." हातातलं कापड त्यांनी घडी करून खिशात ठेवलं. "लोखंडाला काय, त्यानं चांगलाच विचार करून लेप लावला असणार. पण माझ्या तोंडावर माझी वस्तू स्वतःची म्हणाला. मी दिसत नसलेला म्हातारा आहे म्हणून म्हणाला का गं?" याचं उत्तर तुला देता येईल का?

मी त्यांचा शब्द मोडून हे लिहिते आहे, ते तुला वाचवायला नाही, त्यांना दुसऱ्यांदा तेच ऐकावं लागू नये म्हणून. वेन शनिवारी बोल्ट घासून देईल. ती अडायची जागा सोडून बाकीचं घास, असं मी त्याला बजावलंय. तो असंही म्हणाला की नळीच्या आतून तू बुचं लावली होतीस, तिथं लेप नाही, तिथं अजून तेलच लागतं. चौदा तारखेला संध्याकाळी, हंगामाच्या आदल्या दिवशी, आपण सगळे कॅम्पवर असू. मी इसांना दुपारीच घेऊन येते. सौना झाल्यावर ते चुलीजवळ खुर्ची ओढतील, लेनीची बंदूक पुसतील, माझी पुसतील. मग ती हिरवट राखाडी मी त्यांच्या मांडीवर ठेवेन, आणि ते सगळ्यांसमोर तुला पुन्हा विचारणार आहेत, ही कोणाची.

अजून संतापलेली, पण तुझीच,
मार्लिस