कुठं जास्त, कुठं कमी

३ डिसेंबर
बायको भावाकडे गेली, त्याला महिना होत आला. मी याला विश्रांती म्हणतो. मेव्हणा वेगळा शब्द वापरतो. त्याला बोलायचा पोच कधीच नव्हता.

संकल्प: गव्हाच्या खताचा नकाशा यंदा मीच करणार. दरवर्षी ती करायची. फाइल ट्रॅक्टरच्या स्क्रीनमध्ये टाकली की मशीन आपोआप कमजोर जागी खत जास्त सोडतं, चांगल्या जागी कमी. त्यात काय एवढं! सगळं शेत एकसारखं हिरवं झालं की फोटो पाठवायचा. बघून येईलच.

५ डिसेंबर
फाइल सापडेना. फोन केला. निव्वळ टेक्निकल कॉल. कुठं आहे ते तिनं सांगितलं. जेवलात का, असंही विचारलं. हे टेक्निकल नव्हतं.

६ डिसेंबर
पुन्हा फोन. स्क्रीनचा पासवर्ड विचारला. माहीत होता, पण खात्री केलेली बरी.

९ डिसेंबर
कॉम्प्युटरवर नकाशे दोन निघाले. दोन्हींत लाल, पिवळं, हिरवं. फोन मेव्हण्यानं उचलला, ती कामात आहे म्हणाला. त्याला विचारून हसं कोण करून घेणार? जास्त देखणा होता तो घेतला.

संध्याकाळी: खत टाकून झालं. मशीन कसं शहाण्यासारखं चाललं. केबिनमधल्या छोट्या सीटवर तिची उशी अजून आहे. मी हलवलेली नाही.

४ जानेवारी
विहिरीकडचा गहू पिवळा. शेजारी म्हणाला, उपाशी दिसतोय. मी म्हटलं, थंडी. रस्त्याकडचा मात्र काय माजलाय! फोटो रस्त्याकडूनच काढला. तिनं बघितला. उत्तर नाही. भारावली असणार.

११ फेब्रुवारी
वारा सुटला आणि रस्त्याकडचा सगळा गहू लोळला. फोन केला. रविवारी येते म्हणाली. येते म्हणाली! स्वयंपाकघर घासलं. तिचा कप दोनदा धुतला.

१५ फेब्रुवारी, रविवार
टेम्पोतून आली, मेव्हण्याबरोबर. वाटलं, सामान परत आणलं. टेम्पो रिकामा होता.

तिनं शेत बघितलं, मग कॉम्प्युटर. मी लावला तो मागच्या सुगीचा नकाशा, कुठं किती पिकलं ते दाखवणारा. मशीननं तोच हुकूम मानला. जिथं भरपूर तिथं आणखी ओतलं, म्हणून तिथला गहू माजून लोळला; विहिरीकडे जवळजवळ काही नाही. मी म्हटलं, मशीनच बिघडलंय. ती म्हणाली, विहिरीकडची जमीन कुरकुर करत नाही म्हणून तिला काही लागत नाही असं थोडंच असतं. हे जमिनीबद्दल होतं. बहुतेक.

मग शेजारी खुर्ची ओढून तिनं मला खताचा नकाशा करायला पहिल्यापासून शिकवलं. मी मुद्दाम चुकत होतो, म्हणजे ती परत सांगेल. न चिडता परत सांगत होती. एकदा तर हसली. मनात म्हटलं, जमलं गड्या! शेवटी म्हणाली, आता एकट्यानं करून दाखवा. तिला खूश करायच्या नादात एकही चूक न करता केला.

छान, म्हणाली. आता मला फोन करायची गरज नाही पडणार तुम्हाला.

नंतर तिचं शिलाई मशीन टेम्पोत चढवलं. एका बाजूला मेव्हणा, एका बाजूला मी. जड होतं.

१६ फेब्रुवारी
उशी राहिली म्हणून फोन केला. राहू द्या, म्हणाली, तुमची कंबर दुखते. आणि ठेवला.

दुपारी नकाशा पुन्हा करून बघितला. कुठंतरी अडेन अशी आशा होती. कुठंच अडलो नाही.