चुन्याचे नाहीत ते डाग

समीक्षा बेटा,

तुले उठवलं नाही. ओठ फार सुजला आहे, आज शाळेत जाऊ नको. मी नेरला दातांच्या डॉक्टरीणबाईकडे चालली आहे, तुझ्या बाबाले घेऊन. येत नव्हता. म्हटलं, पोरीच्या तोंडातलं रक्त मी पुसलं, आता डागांचं कारण तू तुझ्या कानानं ऐक.

काल तुझं तोंड जबरदस्तीनं उघडून, हिरड्या फुटेपर्यंत विटेच्या भुकटीनं दात घासले त्यानं. "खर्रा खाऊन राह्यली तू! चुन्याचे डाग आहेत हे!" दिवसभर स्वतः तंबाखू-सुपारीत चुना टाकून खर्रा घोटतो ना, पांढरं दिसलं की त्याले चुनाच आठवते. तू खात नाहीस, मले माहीत आहे बाळा. मी सांगायले गेली तर मलेही भिंतीवर ढकललं.

ते डाग वरून लागलेच नाहीत. दात हिरडीत तयार होत होते तेव्हापासून तू आपल्या बोअरचं पाणी पितेस, त्यात फ्लोराईड जास्त आहे. डॉक्टरीणबाईनं तुले तपासलं तेव्हाच सांगितलं. घासून ते जात नाहीत, मारून कसे जातील?

गोपाल लहान भाऊ तुझा, त्याचे पक्के दात अजून हिरडीतच आहेत. त्याले बोअरचं पाणी देजो नको, फिल्टरची कॅन भरून ठेवली आहे. मी यायच्या आधी बाबा एकटाच आला, तर दोघंही मोठीआईच्या घरी जाजा.

चहा कोमट करून पी. अन् बाबानं तुझ्या पाठीवर ओढली ती काठी आजीनं शोधली, तर सांगजो, आईनं चुलीत घातली. हा चहा तिच्याच जाळावर झाला.

आई