पायाची जखम, पोटाची चौकशी

प्रिय लवंगी,

अक्षर लावून घे. चौथीत शाळा सुटली, हातात ब्रश आला, पेन काही आलं नाही. इथं लोखंडी टाक्या रंगवायचं काम चालू आहे. खोलीत आम्ही सहाजण, खिडकी एकच, आणि तीही सगळ्यात भांडखोराच्या उशाशी.

तुझ्या नडगीवर ती पुळी फुटली तेव्हा मी लांब आणि तो पट्टीवाला जवळ. दवाखान्यातून एक दिवसाआड पट्टी बदलायला घरी येऊन तुझा पाय मांडीवर घेणार तो. फोनवर तुझं सारखं तेच: ते म्हणाले खरवडायचं नाही, ते म्हणाले मोठ्या डॉक्टरांना दाखवा. एकदा म्हणालीस, त्यांनी पोटाचं विचारलं, मुरडा येतो का, शौचाला रक्त पडतं का. माझं डोकंच फिरलं. जखम पायाला आणि चौकशी पोटाची? वर महिनाभर रक्त पडतंय हे तू त्याला सांगितलंस, मला नाही. तेच जास्त झोंबलं.

म्हणून मी दादाला सांगून जखम दुसऱ्या दवाखान्यात खरवडून घ्यायला लावली. आमच्याकडे गंज मुळापर्यंत घासल्याशिवाय रंग धरत नाही. मला वाटलं, कातडीचंही तसंच. आठ दिवसांत रुपयाएवढी होती ती तळहाताएवढी झाली, कडा जांभळ्या.

काल इथल्या डॉक्टरीणबाईंना तुझ्या पायाचा फोटो दाखवला. त्यांनी पहिलंच विचारलं, "हिचं पोट बरं आहे का?" पट्टीवाल्याचाच प्रश्न. म्हणाल्या, फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही, पण असा एक क्वचित होणारा आजार असतो. आतड्याला सूज असली की कधीकधी अंगातली राखणदार फौजच बिथरते आणि आपल्याच कातडीवर उठते. अशी जखम खरवडली की आणखी पसरते. कातडी आणि आतडी, दोन्ही लवकर तपासा.

पट्टीवाला यायचा बंद झाला तेव्हा तू म्हणालीस, कामात असतील. कामात नव्हता. मीच त्याला फोन करून म्हणालो होतो, "पुन्हा माझ्या घराची पायरी चढलास तर तंगडं मोडीन." तो एवढंच म्हणाला, "मोडा, पण त्या जखमेला कुणाला हात लावू देऊ नका." हे मी तुझ्यापासून लपवलं. बोलायला गेलो की माझा आवाज चढतो, म्हणून लिहिलं. पोस्टाची वाट नको, कागदाचा फोटोच पाठवतोय. त्यालाही दाखव, आणि तो म्हणेल त्या डॉक्टरांकडे उद्याच जा. मी अजून जळतोय, खोटं कशाला बोलू. पण पाय तुझा आहे.

तुझाच,
बिनडोक