विसाला एकवीस

तीर्थरूप आजोबांस, केस्टरचा लिव्हरपूलच्या गोदीतून, अंगावरच्या गव्हाच्या धुळीसकट नमस्कार. मी धडधाकट आहे. तुमच्या गुडघ्याची चौकशी करणार होतो, पण टॅमर आत्या कळवते की गुडघा ठणठणीत आहे, तुम्हीच खाटेवर पडून आहात. नोव्हेंबरात मार्टिनच्या सणाला तुम्हाला तीन विसा आणि दहा, म्हणजे सत्तर वर्षं पुरी होणार, पाद्रीबाबांनी माणसाची मुदत तेवढीच सांगितलेली, म्हणून तुम्ही मेंढ्या हाकायची काठी शेजारच्या थ्वेटला देऊन टाकली आणि आता मॉस कुत्राही देणार. (आत्या, मोठ्यानं वाच. ते ऐकू येत नसल्याचं सोंग घेतील.)

तर माझं ऐका. गेल्या सोमवारी मला बढती मिळाली. जहाजातून उतरणारी पोती मोजायची आणि दर विसाला पाटीवर खडूची एक रेघ ओढायची. आता माझी शाळा म्हणजे तुम्ही आणि मेंढ्या (मास्तरांकडे दोन हिवाळे गेलो, ते त्यांच्या शेकोटीसाठी), त्यामुळे मी तुमच्यासारखंच मोजलं. वीस झाली की वर एक शुभाचं, मग रेघ. संध्याकाळी पोती पाटीपेक्षा भलतीच जास्त भरली. मुकादम पिकर्सगिल पोती पुन्हा मोजून म्हणाला, "कुठल्या गावात विसाला एकवीस असतात रे, शहाण्या?"

मी म्हणालो, "आमच्या. नुसती वीस देणाऱ्याकडून आमचे आजोबा मेंढी घेत नाहीत."

त्यानं माझ्या हातातला खडू काढून झाडू दिला. झाडता झाडता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुमच्या रीतीनं तीन विसा म्हणजे त्रेसष्ट, वर दहा, झाले त्र्याहत्तर. तुम्ही जन्मभर बाजारात विसाला एकवीस दिलीत, आणि वरचा मोजणारा तुम्हाला नुसती वीस देईल? तो काय पिकर्सगिल आहे?

तुमचा नातू,
केस्टर

ता. क. इथल्या पाद्रीबाबांना विचारलं. शुभाच्या वर्षाचं कुठे लिहिलेलं नाही म्हणाले. ते मिळत नाही असंही लिहिलेलं नाही, हे त्यांनी चहा पिऊन झाल्यावर कबूल केलं.

ता. क. काल झाडूही काढून घेतला. शनिवारी घरी येतो. काठी थ्वेटकडून परत आणून ठेवा, आणि मॉसला कुणाला देऊन टाकू नका. तो तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. मी पळून आलो तेव्हा तुम्ही कुंपणापाशी उभे राहून ओरडत होता, की मेंढ्या कळायला तीन वर्षं लागतात, गाढवा. तेवढीच हवी आहेत.